बासचा अ‍ॅम्प आणि तिसरा मजला

आज अख्खा दिवस बास गिटारसाठी अ‍ॅम्प ऐकण्यात गेला. घरच्या ४० वॅटच्या डब्याने गेल्या रविवारी रिहर्सलला मान टाकली. ड्रम सुरू झाले की माझी ई तार फक्त माझ्या बोटांना कळायची. तिचा सूर ४१ हर्ट्झच्या आसपास. इतका खालचा आवाज हलवायला वॅट भरपूर लागतात. आमचा गिटारवाला मात्र ३० वॅटच्या ट्यूब अ‍ॅम्पवर सगळ्यांना झाकून टाकतो, मेला!

दुकानात आधी १५ इंची स्पीकरचा ३०० वॅटचा कॉम्बो, म्हणजे अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच डब्यात, लावला. पोटात घुमला, काचेच्या काउंटरमधली गिटारची पिक्स थरथरली. मग उचलून बघितला आणि आमची कोथरूडची लिफ्ट नसलेली, तिसऱ्या मजल्यावरची खोली आठवली.

दुसरा क्लास डी वाला, म्हणजे हलक्या सर्किटचा, दोन १० इंची स्पीकर, तेवढ्याच वॅटचा. चक्क एका हातात आला! घुमतो जरा कमी, पण बोटाचा ठोका स्वच्छ. मागे मिक्सरला थेट जोडायचं डीआय आउट आहे ना, हे दोनदा विचारलं. गिगला लोकांपर्यंत आवाज पीए (हॉलची मोठी साउंड सिस्टिम) नेणार, अ‍ॅम्प आपल्यापुरता.

घेतला. येताना रिक्षावाले काका म्हणाले, "इन्व्हर्टर का?"

हो म्हणालो.