सळई तुटली, डेटा काही सुटेना

ओव्हरलोड झाला तर आमचा लिफ्टिंग लग (जड वस्तू उचलायला हुक अडकवायचा भोकाचा कान) कुठे आणि किती लोडला फाटेल, हे सिम्युलेशन करून सांगायचं होतं. मटेरियल साधंच, आयएस 2062 या भारतीय मानकातलं ई250 स्टील. मॉडेल, कॉन्टॅक्ट, बाउंड्री कंडिशन्स (कुठे धरलंय, कुठे ओढलंय) दोन दिवसांत उरकल्या. अडलं ते एका कागदावर.

भोसरीतल्या एका लॅबला टेन्साइल टेस्टसाठी, म्हणजे तुटेपर्यंत ओढून बघायला, सळईची तीन सॅम्पल दिली होती, 10 मिमी व्यास, 50 मिमी गेज लांबी (ताण मोजायचा भाग). रिपोर्ट आला: यील्ड (कायमचं वाकायला लागतं तो ताण) 290 एमपीए, यूटीएस (सळई पेलते तो कमाल ताण) 430 एमपीए, इलाँगेशन (तुटेपर्यंतची लांबीवाढ) 27 टक्के. खाली सही-शिक्का. संपलं! आता सॉफ्टवेअरला प्लास्टिक स्ट्रेन (परत न जाणारं ताणणं) शून्यापासून पुढची ताणाची अख्खी कर्व्ह लागते, तिथे हे तीन आकडे घेऊन मी काय करू?

फोन केला. "मॅडम, रिपोर्टमध्ये सगळं आहे की." मेल केला, उत्तर नाही. स्वतः गेले. काउंटरवरचे गृहस्थ म्हणाले, "रॉ डेटा कुणीच मागत नाही. सर्टिफिकेट लागतं लोकांना." सही करणारे साहेब साइटवर. पुढच्या खेपेला साहेब होते, तर यूटीएमचा (सळई ओढायच्या मशीनचा) ऑपरेटर रजेवर. तिसऱ्या खेपेला ग्राफची प्रिंट हातात ठेवली, पोस्टकार्डाएवढी, शाई पुसट. ती मी पट्टी लावून वाचायला बसले होते, खोटं कशाला सांगू.

तीन आठवडे असे गेले. शेवटी ऑपरेटरच भला निघाला. चहाच्या सुट्टीत त्याने पेन ड्राइव्हवर फाइल काढून दिली, पाच मिनिटांत. पाच मिनिटांत!

घरी येऊन प्लॉट केलं, तर सुरुवातीचा उतार 28,000 एमपीए. स्टीलचा साधारण 2 लाख असतो. म्हणजे ही लांबी सळईवर नाही, मशीनच्या सरकत्या दांड्याच्या, क्रॉसहेडच्या, हालचालीवरून मोजलेली. ग्रिपमधली घसर आणि मशीनचं स्वतःचं ताणणं त्यात मिसळलेलं. सळईलाच चिकटवून तिची लांबीवाढ मोजणारा एक्स्टेन्सोमीटर 2 टक्क्यांनंतर काढून ठेवला होता. तेव्हा टेस्ट द्यायच्या आधीच लेखी मागा: लोड आणि एक्स्टेन्सोमीटर, दोन्ही कॉलम, आणि तो निदान यूटीएसपर्यंत लावलेला. मला उरलेल्या दोन सॅम्पलपैकी एक पुन्हा पैसे भरून ओढून घ्यावं लागलं. यावेळी मी मशीनशेजारीच उभी राहिले. सळई एका जागी आकसून मान पडली, ती बारीक होत गेली, मग ठाप्प. तुकडा हातात घेतला तर मानेशी चांगला कोमट होता. एका बाजूला वाटी, दुसऱ्या बाजूला शंकू.

तुकडे परत मागून घ्यायला विसरू नका, हे आधीच सांगायला हवं होतं. माझी मोठी चूक तिथेच सापडली. फेल्युअर स्ट्रेन म्हणून मी इलाँगेशनचे 27 टक्के भरले होते आणि लग हास्यास्पद लवकर फाटत होता. ते 27 टक्के म्हणजे 50 मिमीवरची सरासरी. व्हर्नियरने मान मोजली तर 6.4 मिमी. दोन गुणिले 10 भागिले 6.4 चा नॅचरल लॉग, म्हणजे 0.89. तोही एकाच ट्रायअ‍ॅक्सिअ‍ॅलिटीला (ताण किती दिशांनी येतो त्याच्या मापाला) खरा. खाच असेल तिथे स्टील त्याहून लवकर फाटतं.

इंजिनिअरिंग कर्व्ह (मूळ जाडीवर काढलेली) ट्रू, म्हणजे त्या क्षणाच्या खऱ्या जाडीवरची, करताना यूटीएसपर्यंतच थांबा. माझ्याकडे 18 टक्क्यांना 430 होता, त्याचा 507 झाला. पुढे मान पडते, सूत्र चालत नाही. तिथून कर्व्ह अंदाजाने वाढवायची आणि सळईचंच मॉडेल ओढून लोड जुळेपर्यंत सुधारायची. मेश (मॉडेलचे बारीक तुकडे, म्हणजे एलिमेंट) 1 मिमीचा अर्धा मिमी केला तर लोडच्या कर्व्हचं शिखर तेच राहिलं, पण त्यानंतरची घसरण बदलली. म्हणून डॅमेजला (मटेरियल फाटत जाण्याच्या नियमाला) स्ट्रेन न देता डिस्प्लेसमेंट दिलं आणि लगवर सळईच्याच मापाचे एलिमेंट ठेवले.

लगची प्रत्यक्ष टेस्ट झाली. मी सांगितलेल्या भोकाच्या कडेपासूनच फाटला. लॅबचं पुढचं कोटेशन परवा आलं, त्यात एक नवी ओळ आहे: "रॉ डेटा – चार्जेस वेगळे."