अकियामा योशिहिरो: दोन देशांचा ज्युदोपटू

अकियामा योशिहिरो आज दक्षिण कोरियात घराघरांत ओळखला जातो. मात्र ही लोकप्रियता त्याला पदकांनी मिळवून दिली, असे मला वाटत नाही. त्याचे सर्वांत गाजलेले पदक तर त्याने कोरियाच्याच खेळाडूला, कोरियाच्याच भूमीवर हरवून जिंकले होते.

१९७५ साली ओसाकात जन्मलेला अकियामा हा जपानमध्ये स्थायिक झालेल्या कोरियन कुटुंबाच्या चौथ्या पिढीतला. १९५२ मध्ये जपानमधील कोरियन लोकांचे जपानी नागरिकत्व संपुष्टात आले, आणि तिथे केवळ जन्मामुळे नागरिकत्व मिळत नसल्याने त्यांची नातवंडे-पतवंडेही कायद्याच्या लेखी परकीच राहिली. साहजिकच, जपानी विद्यापीठातून तयार झालेल्या या गुणी खेळाडूला जपानच्या राष्ट्रीय संघात स्थान मिळणे शक्य नव्हते. त्याने १९९८ मध्ये पूर्वजांच्या देशाची वाट धरली आणि चू सुंग-हून या आपल्या कोरियन नावाने तो बुसान शहराच्या संघाकडून खेळू लागला. २००१ मध्ये उलानबातर येथील आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत त्याने ८१ किलो वजनी गटाचे सुवर्णपदक कोरियाला मिळवून दिले. तरीही देशांतर्गत लढतींत आपल्याला न्याय मिळत नाही, ही खंत त्याच्या मनात घर करून होती. त्याच वर्षी त्याने जपानी नागरिकत्व घेतले.

नियती अशी की पुढच्याच वर्षीच्या आशियाई क्रीडा स्पर्धा बुसानमध्ये होत्या. ज्या शहराच्या संघाकडून तो खेळला होता, तिथेच अंतिम लढतीत कोरियाचा आन दोंग-जिन त्याच्यासमोर उभा राहिला. सुवर्णपदक आता जपानकडून खेळणाऱ्या अकियामाने जिंकले, आणि कोरियात त्याच्याविषयी रोषाची लाट उसळली. त्या प्रेक्षकांचा राग मी समजू शकतो, पण त्याला गद्दार म्हणणे मला आजही अन्यायाचे वाटते. कारण खेळण्यासाठी त्याने आधी कोरियाचेच दार ठोठावले होते.

ऑलिंपिक त्याच्या वाट्याला कधीच आले नाही. २००४ मध्ये तो मिश्र मार्शल आर्ट्सकडे वळला. तिथेही तो ज्युदोचा पांढरा पोशाख घालून येई, त्याच्या एका खांद्यावर जपानचा व दुसऱ्या खांद्यावर कोरियाचा ध्वज असे, आणि रिंगणात शिरण्यापूर्वी तो गुडघे टेकून वाकून नमस्कार करी. २००६ च्या अखेरीस ओसाकात जपानी लढवय्या काझुशी साकुराबाविरुद्धच्या लढतीआधी त्याने अंगाला क्रीम लावल्याचे उघड झाले; अशा निसरड्या अंगावर प्रतिस्पर्ध्याची पकड बसत नाही. निकाल रद्द झाला, बंदी आली आणि जपानी चाहते दुरावले. ही चूक गंभीरच होती, आणि तिची शिक्षा योग्यच होती.

बंदीनंतरची त्याची पहिली लढत २००७ मध्ये सोलमध्ये झाली, आणि तिथे डेनिस कँगला त्याने नॉकआउट केले. पुढच्या वर्षी कोरियन दूरचित्रवाणीवरील एका गप्पांच्या कार्यक्रमात, दोन्ही देशांत परका ठरलेल्या माणसाची व्यथा त्याने कसलाही आवेश न आणता सांगितली. माझ्या मते कोरियन जनतेचे मन वळले ते तिथे. पुढे २०१३ मध्ये मुलगी सारांगसोबत तो एका कौटुंबिक कार्यक्रमात झळकला, तेव्हा ज्युदो कधीही न पाहिलेल्या घरांतही तो लाडका झाला. २०२२ मध्ये, वयाच्या ४६ व्या वर्षी, त्याने सिंगापूरला जपानी लढवय्या शिन्या आओकीला दुसऱ्या फेरीत हरवले, आणि त्या विजयाचा आनंद कोरियन चाहत्यांनी आपल्या माणसाचा म्हणून साजरा केला.