भाकर मोडताना

सोलापुरात भाकरी म्हटली की ती ज्वारीची, आणि कडक भाकरी तर अशी की मोडताना शेजारच्या खोलीत ऐकू जावी. लहानपणी महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेब प्रभुभोजनाच्या (येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या) वेळी ‘त्याने भाकर घेतली आणि ती मोडली’ असे वाचत, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर हीच भाकरी उभी राहत असे. प्रत्यक्षात मात्र स्टीलच्या ताटातून पावाचे पांढरे चौकोनी तुकडे फिरत यायचे, तेही आदल्या रात्री सुरीने नीट कापलेले, आणि मला कळत नसे की यात मोडले ते काय.

२०२० च्या टाळेबंदीत मंडळी, म्हणजे आमचे चर्च, बंद होती, तेव्हा आम्ही घरीच मोबाइल समोर ठेवून उपासनेला बसलो. आत्याने काळे मनुके भिजवून, उकळून, फडक्यातून पिळून रस काढला होता. पाव मिळाला नव्हता, म्हणून ताटलीत भाकरी ठेवली. पाळकांनी तिकडे भाकर मोडली तशी आत्यानेही मोडली, आणि त्या आवाजाने आम्ही सगळेच क्षणभर दचकलो. क्रूसावर मोडल्या गेलेल्या देहाची आठवण करायची म्हणजे काय, हे इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्या कानांना समजले असावे. बायबलमधल्या पहिल्या तीन शुभवर्तमानांप्रमाणे येशूचे ते शेवटचे भोजन वल्हांडण या यहुदी सणाचे होते आणि वल्हांडणाची भाकर बेखमीर, म्हणजे पीठ न आंबवता केलेली, असते. धान्य वेगळे असले तरी खमीर नसलेली आमची भाकरी त्या बाबतीत पावापेक्षा तिच्या जवळची आहे. कॅथलिक मंडळीत मात्र गव्हाचीच भाकर लागते, त्यामुळे तिथे आत्याचा हा उपाय चालला नसता.

भाकर आणि द्राक्षारस यांचे नेमके काय होते, यावर ख्रिस्ती लोक शतकानुशतके वाद घालत आले आहेत. १२१५ मध्ये रोमला भरलेल्या लॅटरन धर्मपरिषदेने त्यांचे तत्त्वच पालटते असे म्हटले, तर १५२९ मध्ये मारबुर्ग येथे लूथर आणि झ्विंग्ली या धर्मसुधारकांचे याच एका मुद्द्यावर जुळले नाही. हा वाद क्षुल्लक आहे असे मी म्हणणार नाही, परंतु प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला पत्रातून जे खडसावले ते या कारणासाठी नव्हते, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. तिथे सुखवस्तू लोक आधीच जेवून घेत आणि पिऊन झिंगत, आणि ज्यांच्याजवळ काही नव्हते ते उपाशी राहत. हे प्रभूचे भोजन नव्हेच, असे पौल त्यांना स्पष्ट सांगतो. भाकर एक आहे, म्हणून आपण पुष्कळ असूनही एक शरीर आहोत, असे त्याच पत्रात त्याने आधी लिहिले आहे. म्हणजे ‘शरीर’ ओळखायचे ते ताटातल्या तुकड्यात, तसेच शेजारी बसलेल्या माणसातही.

ज्या समाजात कोण कोणाच्या पंक्तीला बसतो यावरून माणसाची पायरी ठरत असे, तिथे एका भाकरीतून खाणे ही केवढी मोठी गोष्ट होती, हे आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांना वेगळे समजावून सांगावे लागू नये. तरी दक्षिणेतल्या मंडळ्यांमध्ये जात प्रभूच्या मेजापर्यंत पोहोचली होती, आणि कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांना १८३३ मध्ये ती सोडून द्या म्हणून सक्त आज्ञा काढावी लागली. आपल्याकडे आता तसे उघड कोणी करत नाही. पण कोणाच्या घरी जेवायला जायचे आणि कोणाला नुसते ‘जय ख्रिस्त’ म्हणून वाटेला लावायचे, याचा हिशेब बहुतेकांच्या मनात असतो, आणि त्यात मीही आलो.

मंडळी पुन्हा उघडली तेव्हाचे पहिले प्रभुभोजन ऐन उन्हाळ्यात होते. आमच्याकडे तुकडा हातात घेऊन सगळ्यांनी एकदमच खाण्याची रीत आहे. वीज गेलेली, पंखे बंद, तळहातावरचा तुकडा घामाने मऊ पडत चाललेला. ताट शेवटच्या बाकापर्यंत पोहोचले, तेव्हा बाहेरच्या व्हरांड्यात चाकाच्या खुर्चीवर एक आजोबा बसले आहेत, हे कोणाच्या तरी लक्षात आले. पाळकसाहेब म्हणाले, “थांबा, त्यांना मिळू द्या.” ताट बाहेर गेले. आजोबांचा हात थरथरत असल्याने वेळ लागत होता, आणि आम्ही सगळे मुठीत भाकर धरून थांबलो होतो.