६३ सेंटिमीटर डावीकडे

जुलैचा शेवटचा आठवडा होता. रत्नागिरीबाहेर आंब्याच्या एका जुन्या पॅकिंग शेडमध्ये आमची नेमबाजीची दहा मीटरची, सहा लेनची रेंज आहे. पत्र्यावर पाऊस इतका वाजत होता की एअर पिस्तुलाचा आवाज शेजारच्या लेनपर्यंत पोचत नव्हता. तिसऱ्या लेनवर पंधरा वर्षांची एक मुलगी उभी होती. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मनू भाकरने एअर पिस्तुलात पदकं घेतली आणि किनाऱ्यावरच्या गावांतून मुलं आमच्याकडे येऊ लागली, त्यांतली ही एक. उजव्या हाताची, पाच महिन्यांची तयारी, दहा शॉटला ८२ ते ८६ गुण. दुसऱ्या सिरीजचा, म्हणजे दहा शॉटच्या दुसऱ्या फेरीचा, तिचा सातवा शॉट टार्गेटवर लागलाच नाही. पुलीवरून कागद परत आला तो कोरा.

मी रेंज थांबवली. पिस्तूल टेबलावर, तोंड टार्गेटकडे, लोडिंग लीव्हर उघडी आणि नळीत केशरी सेफ्टी कॉर्ड, हे सगळ्यांचं झाल्याशिवाय आमच्याकडे कोणी रेषेपुढे पाऊल टाकत नाही. मागच्या प्लायवूडवर भोक सापडलं. कडेला प्लायचा ताजा पिवळा भुसा आणि मध्ये शिशाची चपटी टिकली. टेप लावली. तिच्या टार्गेटच्या मध्यापासून ६३ सेंटिमीटर डावीकडे आणि ४ सेंटिमीटर खाली. आमच्या लेन एकेक मीटरच्या आहेत, म्हणजे पेलेट, शिशाची ती छोटी गोळी, शेजारच्या मुलाच्या कागदाच्या २८ सेंटिमीटर अलीकडे बसलं होतं.

उजव्या हाताच्या नेमबाजाचा शॉट डावीकडे गेला की रेंजवर सगळे एकच म्हणतात: ट्रिगर हिसकला. हिच्या बाबतीत मीही पाच महिने तेच म्हणत आलो होतो. तिचे गुण तिसाव्या शॉटनंतर घसरायचे, अधूनमधून एखादा शॉट डावीकडे सहाच्या वर्तुळाबाहेर जायचा आणि मी तिला ट्रिगरचा सराव वाढवून द्यायचो. पण ट्रिगर हिसकला की शॉट डावीकडे आणि खाली जातो, घड्याळातल्या सात-आठच्या दिशेला. हा जवळजवळ आडवा गेला होता. शिवाय अंतराचा हिशोब जुळत नव्हता. तिच्या पिस्तुलाच्या फोरसाइट (नळीच्या टोकाची उभी पट्टी) आणि बॅकसाइटमध्ये (मागची खाच, जिच्या मधोमध ती पट्टी दिसायला हवी) ३५० मिलिमीटर अंतर आहे. फोरसाइट खाचेत १ मिलिमीटर सरकली तर दहा मीटरवर शॉट २८-२९ मिलिमीटर सरकतो. ६३ सेंटिमीटर जायला फोरसाइट २२ मिलिमीटर बाजूला जायला हवी. फोरसाइटची पट्टी चार-पाच मिलिमीटर रुंद, तेव्हा ती खाचेत दिसलीच नसती. इतकं वाकडं पिस्तूल कोणी नवखाही सोडत नाही.

आधी पिस्तूल तपासलं. बॅकसाइटचा स्क्रू घट्ट, क्लिक जागेवर. मी स्वतः पाच शॉट मारले, पाचही नऊच्या वर्तुळात, म्हणजे साडेसत्तावीस मिलिमीटरच्या आत. मग तिला विचारलं की ट्रिगर दाबताना काय दिसत होतं? एवढाच प्रश्न, चूक काय झाली ते नाही.

"सर, टार्गेटं दोन दिसत होती. जे नीट दिसत होतं ते मी धरलं."

"साइट?"

"साइट बरोबर होती. मध्यभागी."

दोन्ही उत्तरं खरी होती. चष्म्याकडे पाहिल्यावर बाकीचं कळलं. रेंजच्या चष्म्यांना डाव्या डोळ्यासमोर काळा ब्लाइंडर, म्हणजे डोळा झाकणारा आडोसा, क्लिपने लावलेला असतो. क्लिपची बारीक स्प्रिंग खाऱ्या हवेने खाल्ली होती, हिरवट-तपकिरी झाली होती आणि त्या सकाळी तुटली. पहिली सिरीज तिने डावा डोळा मिटून काढली. गाल दुखायला लागला तेव्हा दुसऱ्या सिरीजमध्ये डोळा उघडा ठेवला.

आता हे नीट समजून घ्यायला हवं. पिस्तुलात नजर फोरसाइटवर असते, टार्गेट थोडं धूसर असतं. दोन्ही डोळे उघडे ठेवून जवळच्या वस्तूवर नजर बांधली की लांबची वस्तू दुहेरी दिसते. तर्जनी नाकासमोर हातभर धरून नजर तिच्यावरच ठेवा, पलीकडचा माड एकाचे दोन होतो. त्या दोनांतला एक उजव्या डोळ्याचा, एक डाव्याचा. तिने खाच आणि पट्टी जुळवली उजव्या डोळ्याने, कारण पिस्तूल त्याच डोळ्याच्या रेषेत होतं. त्या पट्टीवर टार्गेट मात्र बसवलं डाव्या डोळ्याचं. तिच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर ६ सेंटिमीटर, डोळ्यापासून फोरसाइट ८५ सेंटिमीटर. फोरसाइटपासून टार्गेट ९१५ सेंटिमीटर उरतं. ६ गुणिले ९१५ भागिले ८५ म्हणजे ६४.६. मोजमाप ६३ आलं होतं. वहीवर ही आकडेमोड करून झाल्यावर मला ट्रिगरबद्दल काही बोलायचं उरलं नाही.

मेंदूने डावं चित्र का निवडलं? कारण तिचा हुकमी डोळा डावा होता. जसा एक हात सराईत असतो तसा एक डोळा असतो. दोन डोळ्यांची चित्रं जुळली नाहीत की मेंदू त्याचं म्हणणं मानतो. साधारण दोन तृतीयांश लोकांचा हा डोळा उजवा असतो, उरलेल्यांत बहुतेकांचा डावा. त्याचा नजर तेज असण्याशी संबंध असेलच असं नाही. चष्म्याचा नंबर असलेला डोळाही हुकमी असू शकतो.

तपासायची रीत सोपी आहे. पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्याला ३ सेंटिमीटरचं भोक पाडायचं. पुठ्ठा दोन्ही हातांनी, हात पूर्ण लांब करून धरायचा, दोन्ही डोळे उघडे. भोकातून दहा मीटरवरचा काळा गोल बघायचा आणि तो भोकातून न हलवता पुठ्ठा सावकाश चेहऱ्याकडे आणायचा. तो ज्या डोळ्यावर येऊन टेकतो तो हुकमी. पुठ्ठा दोन्ही हातांतच हवा, एका हातात धरला की हात आपल्या बाजूला ओढतो आणि निकाल बिघडतो. एकदा करून थांबायचं नाही, पाचदा करायचं. शिवाय समोरासमोर उभं राहून जो निकाल येतो तो नेमबाजीच्या पवित्र्यात बदलू शकतो. डोळे कोपऱ्यात नेऊन बघितलं की हुकूम एका डोळ्याकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो. म्हणून पाय लेनवर ठेवतो तसे ठेवून, मान वळवून आणखी पाचदा करायचं. ती समोरून पाचपैकी पाच वेळा डावी आली, पवित्र्यात पाचपैकी चार.

तिचे वडील दारात उभे होते. १ जूनपासूनची मासेमारी बंदी उठायची होती, होडी शाकारलेली, म्हणून त्या आठवड्यात तेच तिला सोडायला येत. पुठ्ठा तिच्या डाव्या डोळ्यावर टेकलेला बघून ते म्हणाले, "सर, ही परसात माकडांवर गलोल मारते ना, तेव्हा डावाच डोळा लावते. लहानपणापासून." घरच्यांना ठाऊक होतं, विचारलं मात्र कोणी नव्हतं. काळ्या ब्लाइंडरने ते पाच महिने झाकून ठेवलं होतं.

पुढचा प्रश्न उपायाचा. रायफल असती तर मी बहुधा खांदा बदलायला सांगितलं असतं. रायफलचा दस्ता गालाला टेकतो, साइट त्याच बाजूच्या डोळ्यासमोर येते, दुसरा डोळा तिथे नेता येत नाही. पिस्तुलाचं तसं नाही. ते हाताच्या टोकाला असतं, कोणत्याही डोळ्यासमोर आणता येतं. म्हणून पिस्तुलात हात आधी, डोळा नंतर, हे माझं ठाम मत आहे. ट्रिगरवरचं बोट, मनगटाचा ताठरपणा, दीड किलोपर्यंतचं वजन एका हातावर पेलणं, हे सगळं सराईत हाताने शिकायला महिने लागतात. त्यात एअर पिस्तुलाची लाकडी मूठ तळव्याच्या आकाराची असते. उजवी मूठ डाव्या हातात बसत नाही, डावी वेगळी मागवावी लागते.

तरी अंदाजावर सोडायचं नव्हतं. दुपारी पाऊस ओसरला तेव्हा दोन पर्याय करून पाहिले.

पहिला, उजवा हात आणि डावा डोळा. पाय जास्त उघडे केले, म्हणजे छाती टार्गेटकडे आणखी वीसेक अंश वळवली, त्यामुळे डावा डोळा हाताच्या रेषेत यायला मान कमी वळवावी लागते. डोकं खांद्याकडे कलंडू द्यायचं नाही, फक्त वळवायचं. डोकं कलंडलं की पिस्तूलही कलंडतं आणि शॉट त्याच बाजूला, थोडा खाली जातो. मग डोळे मिटून हात उचलायचा, डोळे उघडून पिस्तूल कुठे आलंय ते बघायचं आणि हात न हलवता मागचा पाय सरकवून ते टार्गेटवर आणायचं. इथवर बरं जमलं. पण हात आत आल्यामुळे बॅरल सरळ ठेवायला मनगट बाहेर मोडावं लागत होतं. आठव्या-नवव्या शॉटला ते ढिलं पडायचं, फोरसाइट खाचेत डावीकडे सरकायची. त्याशिवाय चष्म्याच्या काचेच्या नाकाकडच्या कोपऱ्यातून बघावं लागत होतं, तिथे पट्टीची कड फुटते. काच फिरवून नजरेच्या काटकोनात आणता येणारा नेमबाजीचा चष्मा आणि मूठ घासून बदललेला कोन, एवढं केलं तर हा पर्याय चालतो. दोन हातांनी धरायच्या पिस्तुलात तर तो सर्वांत सोपा. तिथे पिस्तूल पाच-सहा सेंटिमीटर बाजूला, हुकमी डोळ्यासमोर आणायचं आणि हनुवटी किंचित वळवायची, काम झालं.

दुसरा पर्याय, उजवा हात, उजवा डोळा आणि डाव्या डोळ्यावर आडोसा. आडोसा काळा नको, दुधी हवा. काळ्या आडोशाने किंवा डोळा मिटल्याने एका डोळ्याचा उजेड बंद होतो आणि उघड्या डोळ्याची बाहुलीही मोठी होते. मोठ्या बाहुलीत पट्टी आणि टार्गेट दोन्ही कमी रेखीव दिसतात. पावसाळ्यात आमच्या शेडमध्ये आधीच अंधारतं, तेव्हा हे जास्त जाणवतं. डोळा मिटून ठेवला तर गालाचा ताण मानेत उतरतो. तिचे गुण तिसाव्या शॉटनंतर का घसरत होते, ते मला इथे उमगलं. काळा ब्लाइंडर असूनही ती त्यामागे डोळा आवळून धरत होती. दुधी आडोशामागे डोळा उघडा राहतो, उजेड दोन्हीकडे सारखा, फक्त चित्र एकच.

स्पर्धेच्या नियमात डोळ्यासमोरचा ब्लाइंडर ३० मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाही. आधी चष्म्याच्या डाव्या काचेवर कागदी चिकटपट्टीची दोन सेंटिमीटरची टिकली लावून पाहिली. जागा शोधायला तिने नेम धरायचा, मी बाजूने टिकली सरकवत राहायचं आणि डाव्या डोळ्यातलं टार्गेट नाहीसं झालं की तिने "आता" म्हणायचं. जमलं, पण दमट हवेत ती टिकली अर्ध्या तासात कडेने सुटायला लागली. मग जुन्या चष्म्याची प्लास्टिकची काच ३० मिलिमीटरची कापली आणि ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने ओली करून दोन्ही बाजूंनी गोल गोल घासली. हात दिसावा पण बोटं मोजता येऊ नयेत, एवढी दुधी. क्लिपही बदलली, स्प्रिंगऐवजी प्लास्टिकची चिमटी.

आधी कोऱ्या पांढऱ्या कागदावर वीस ड्राय शॉट, म्हणजे पेलेट न भरता नुसता ट्रिगर दाबायचा, टार्गेटशिवाय, फक्त खाच आणि पट्टी बघत. मग चाळीस पेलेट. प्रत्येक दहानंतर मी एकच विचारत होतो, टार्गेट किती दिसतात? चारही वेळा एक. ट्रिगरचा विषय मी काढला नाही. शेवटच्या दहांत सर्वांत डावीकडचा शॉट सातच्या वर्तुळात होता, गुण ८५, आणि चाळिसाव्या शॉटनंतर तिने चष्मा काढला तेव्हा डावा गाल सैल होता.

संध्याकाळी प्रवेशाच्या वहीत नाव, वय, हात या रकान्यांपुढे पट्टीने आणखी एक रकाना आखला. तिच्या ओळीत उ आणि डा लिहिलं, आणि पुठ्ठा घेऊन पाचव्या लेनवरच्या मुलाला हाक मारली.