‘ठिपके नव्हते’ आणि ‘ठिपके दिसले नाहीत’

२५ नोव्हेंबर, रात्र

आजच्याच तारखेला, १९९७ साली, शहाद्याजवळच्या डोंगरात पॅमेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट या पक्षी-अभ्यासकांना रानपिंगळा दिसला, नामशेष झाला असं समजलं गेलेलं छोटं घुबड. सकाळचं ऊन आणि निष्पर्ण झाड, त्यामुळे त्यांना फोटो आणि चित्रीकरण दोन्ही साधलं. त्याआधीचा खात्रीचा नमुना, म्हणजे संग्रहालयासाठी भरून ठेवलेला पक्षी, १८८४ चा, जेम्स डेव्हिडसनने खानदेशात मिळवलेला. मधल्या ११३ वर्षांत आणखी एक नमुना होता: १९१४, गुजरातेतलं मांडवी, रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि पक्षी-संग्राहकाच्या नावावर. तो बनावट निघाला. डेव्हिडसनचाच एक नमुना संग्रहालयातून उचलून, नव्याने भरून, त्याला दुसरी चिठ्ठी बांधली होती. त्या चिठ्ठीवर विसंबून शोध घेणारे भलत्याच जागी फिरत राहिले, याचं आजही वाईट वाटतं.

म्हणून दुर्मीळ पक्ष्याची नोंद हातात आली की मी आधी त्यातली क्रियापदं बघतो. ‘माथ्यावर ठिपके नव्हते’ याचा अर्थ माथा चांगल्या उजेडात, स्पष्ट पाहिला आणि तो जवळजवळ एकरंगी तपकिरी होता. ‘ठिपके दिसले नाहीत’ याचा अर्थ पक्षी उजेडाच्या आड होता, किंवा लांब होता, किंवा मान वळवलीच नाही. दोन्ही वाक्यं वहीत चालतात. दुसऱ्याच्या जागी पहिलं लिहिलं की घोटाळा होतो, आणि तो घरी आल्यावर, पुस्तक उघडल्यावर होतो. त्यामुळे वर्णन पक्षी समोर असतानाच लिहायचं, पुस्तक नंतर.

रानपिंगळ्याच्या बाबतीत पाहायचं ते असं. माथा आणि पाठ साधी, ठिपके असले तर अगदी पुसट. छातीचा वरचा भाग जवळजवळ सलग तपकिरी, कुशीवर आडवे पट्टे, पोटाचा मधला भाग मात्र पांढराशुभ्र. शेपटीवर आणि पंखांवर रुंद गडद पट्टे. पायांवर बोटांपर्यंत दाट पांढरी पिसं. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठळक पांढरे ठिपके असतात आणि मानेमागे फिकट कॉलर. जंगली पिंगळ्याचं डोकं बारीक आडव्या रेघांनी भरलेलं. आकाराच्या भरवशावर राहू नये, तिघांत दोन-तीन सेंटिमीटरचाच फरक आहे. ‘दिवसा बसला होता’ एवढ्यावरही नाही. बाकीचे दोघेही दिवसा दिसतात. मराठी नावं तर माणसागणिक बदलतात, तेव्हा वहीत शास्त्रीय नाव लिहावंच: अथेनी ब्लेविटी.

पक्षी दिसला की पुढे सरकायचं नाही. आहे तिथूनच पहिले दहा-बारा फोटो, कसेही आले तरी. मग दुर्बीण, मग वहीत कच्चं चित्र: डोक्याचा गोल, अंगाची अंडाकृती, शेपटीची पट्टी. जे दिसलं ते बाण काढून लिहायचं. जे दिसलं नाही तिथे प्रश्नचिन्ह. पोटाची पिसं फुगवून बसला असेल तर पाय झाकलेले असतात, तिथे प्रश्नचिन्हच हवं. सोबत कुणी असेल तर आधी आपापल्या वहीत लिहावं आणि मग बोलावं, नाहीतर दोघांच्या वहीत एकाच माणसाचं निरीक्षण उतरतं.

फोटोत सर्वांत फसवणारी गोष्ट उजेड. पानं झडलेल्या सागावर, मागे पांढरं आभाळ असताना कॅमेरा पक्ष्याला काळा करतो. एक्सपोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, +१ ते +१.७ पर्यंत चढवून काही फोटो घ्यावेत, पण पुन्हा शून्यावर आणूनही घ्यावेत, कारण चढवलेल्या फोटोत पोटाचं पांढरं जळून कुशीवरचे पट्टे पुसले जातात. मोबाइल दुर्बिणीला लावून काढलेल्या फोटोवर माझा विश्वास कमी आहे. मोबाइल आपणहून फोटोतला दाणेदारपणा गुळगुळीत करतो, त्यात साध्या पिंगळ्याच्या माथ्यावरचे ठिपकेही विरघळतात आणि तयार होतो एक छान, खोटा रानपिंगळा! म्हणून शक्य तिथे रॉ फाइल (कॅमेऱ्याने काहीही न सुधारलेली मूळ फाइल) ठेवायची आणि हललेले फोटोसुद्धा पुसायचे नाहीत. हललेल्या एखाद्या फोटोतच मान वळलेली असते. घड्याळाचा पुरावा म्हणून मोबाइलवरच्या वेळेचा एक फोटो त्याच कॅमेऱ्याने काढून ठेवावा.

आवाज आला तर अर्धा-एक मिनिट न बोलता ध्वनिमुद्रण, आणि त्याच फाइलच्या शेवटी तारीख, वेळ, जागा तोंडाने सांगायची. रेकॉर्ड केलेली हाक वाजवून त्याला बोलवायचं नाही. विणीच्या दिवसांत नर उत्तर देत ढोलीपासून लांब येतो, घर उघडं पडतं.

मोबाइल जे अक्षांश-रेखांश देतो ते आपल्या उभं राहण्याच्या जागेचे असतात, पक्ष्याच्या झाडाचे नाहीत. त्यामुळे सोबत अंदाजे अंतर आणि होकायंत्राची दिशा लिहायची: ‘४० मीटर, ईशान्येला’. ही अचूक जागा वनखात्याला आणि अभ्यासकांना द्यायची. इतरत्र लिहिताना तालुका-जिल्हा पुरे. फोटोच्या फाइलमध्ये लपलेलं ठिकाणही आधी काढून टाकायचं, हे बरेचजण विसरतात. आणि ढोलीचं झाड चौकटीत ओळखू येत असेल, तर तो फोटो कितीही सुरेख असला तरी बाहेर द्यायचा नाही.