वारीला गेलं की डिप्रेशन जातं का हो?

आषाढी झाली की पुढचा महिनाभर हा प्रश्न मला हमखास येतो, कधी जिन्यात, कधी लग्नाच्या पंगतीत आणि आता तर रात्री अकराला व्हॉट्सअ‍ॅपवर. "ताई, तुम्ही वारीला जाता ना, मन शांत होतं का हो? आमच्या आईला पाठवावं म्हणतोय, बाबा गेल्यापासून ती बोलतच नाही कुणाशी." आईच्या जागी कधी बहीण असते, कधी विचारणारी स्वतःच असते आणि "माझ्या एका मैत्रिणीसाठी विचारतेय" म्हणते. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट लिहून टाकते.

तर पहिलं म्हणजे, शांत वगैरे काही नसतं तिथे. पहाटे तीन-साडेतीनला उठून टँकरपाशी लाइन, मागून ट्रकचे हॉर्न, दिवे घाटात एकतर ऊन नाहीतर धो धो पाऊस, पायाला फोड, आणि रात्री राहुटीत शेजारणीचं घोरणं. ज्यांना नुसती शांतता हवी त्यांनी सरळ कोकणात जावं आठ दिवस. पण झोप लागते हे मात्र खरं. रोजचे १५-२० किलोमीटर चालणं, पुणे-सासवडच्या दिवशी तर त्याहून जास्त, वेळेवर जेवण, दिवसभर उजेडात, मग कुणालाही झोप लागेल, त्यात विठ्ठलाचं क्रेडिट किती आणि पायांचं किती हे ज्याने त्याने ठरवावं.

मला विचाराल तर खरी गोष्ट वेगळीच आहे. तिथे तुमची मोजदाद होते. म्हणजे असं, की दिंडीत तुमची चालायची जागा ठरलेली, पंगतीतली जागा ठरलेली, झोपायची तर ठरलेलीच. दुपारच्या जेवणाला मी दिसले नाही तर पाच मिनिटांत कुणीतरी ओरडतं, "पुण्याच्या मास्तरीणबाई कुठायत?" माझे मिस्टर गेल्यावर मुलगा बंगलोरला, मी इथे, तर मला आठवडाभर कुणी पाहिलं नाही तरी कुणाच्या लक्षात येणार नाही अशी परिस्थिती होती, दूधवाला सोडून. अशा वेळी आपण नसलो तर कुणाचं तरी अडतंय, ही गोष्ट एखाद्या प्रवचनापेक्षा जास्त काम करते, माझ्यावर तरी केलं.

ज्ञानेश्वर माऊलींच्या पालखीत मुक्कामाच्या ठिकाणी संध्याकाळी समाजआरती असते, ती ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी एकदा बघाच. सगळ्या दिंड्या गोल उभ्या, टाळ-मृदंगाचा नुसता कल्लोळ. चोपदार दंड वर करतात आणि एका क्षणात एवढा मोठा समाज गप्प. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ थांबवत नाही, वाजवतच राहते. मग चोपदार तिथे जातात, काय झालंय ते ऐकतात, मार्ग काढतात, हरवलं-सापडलं पुकारतात आणि मगच आरती. मला ही पद्धत भयंकर आवडते. "माझं काहीतरी बिघडलंय" हे हजारो लोकांसमोर वाजवून सांगायची सोय, आणि ते ऐकल्याशिवाय देवाची आरती पुढे जात नाही! आपल्या किती घरांमध्ये अशी सोय आहे सांगा.

आता दुसरी गोष्ट, ही बायकांना लगेच कळेल. आमच्या भजनी मंडळात एक बाई आहेत, वय साधारण पंचावन्न. घरी त्यांनी "मैत्रिणीकडे जाऊन येते" म्हटलं की दहा प्रश्न, कशाला, कधी येणार, स्वयंपाकाचं काय. "काउन्सेलरकडे जाते" म्हटलं तर विषयच संपला, वेड लागलंय का म्हणतील. पण "भजनाला जाते" म्हटलं की सासूबाईसुद्धा म्हणतात, जा गं, माझ्या वतीने पण हात जोड. एकादशीला दोन तास हरिपाठ आणि अभंग होतात, आणि मग चहाच्या वेळी अर्धा तास जे बोलणं होतं ना, सुनेचं, गुडघ्यांचं, नवऱ्याच्या पिण्याचं, त्यासाठी बाहेर तासाला हजार-पंधराशे मोजतात लोक. देव हे निमित्त आहे असं मी म्हटलं की आमचे बुवा रागावतात, पण मी ते कमीपणाने म्हणतच नाही. या निमित्ताशिवाय आपल्याकडची अर्धी दुःखं उंबऱ्याबाहेर पडलीच नसती.

आणि हे माझं एकटीचं डोकं नाही. २०१० साली चेयून लिम आणि रॉबर्ट पुटनम या दोघांनी अमेरिकेतल्या लोकांचा अभ्यास केला, की चर्चला नेमाने जाणारे लोक जास्त समाधानी का दिसतात. तर निघालं असं की ज्यांचे तिथे जवळचे मित्र आहेत तेच जास्त समाधानी. जे नेमाने जातात पण तिथे ज्यांचं कुणीच नाही, ते न जाणाऱ्यांपेक्षा काही जास्त सुखी नव्हते. घरी एकट्याने केलेल्या प्रार्थनेनेही तो फरक पडत नव्हता. पण थांबा, नास्तिक मंडळींनी लगेच टाळ्या वाजवू नका, कारण बाहेरचे नुसते मित्र असूनही तेवढं साधत नव्हतं. ज्यांना आपला धर्म मनापासून आपला वाटतो आणि तिथे माणसंही आहेत, अशांनाच फायदा. म्हणजे दोन्ही लागतं. मला हे पटतं, कारण मी भिशी ग्रुपमध्येही आहे, छान बायका आहेत, पण नवरा गेल्यावर महिन्याभरात तिथे "आता सावर गं" सुरू झालं. दिंडीत कुणी सावर म्हणालं नाही. एक म्हातारी नुसती माझ्या पाया पडली आणि मी तिच्या, तिथे सगळे सगळ्यांच्या पाया पडतात आणि सगळ्यांनाच माऊली म्हणतात, वय, शिक्षण, कुंकू काही आड येत नाही.

कोविडच्या वर्षी तर याची परीक्षाच झाली. २०२० ला पायी वारी नाही, पादुका एसटीने पंढरपूरला. श्रद्धा तीच, अभंग तेच, घरात विठ्ठलाची मूर्ती तीच. आम्ही व्हिडिओ कॉलवर हरिपाठ करायला लागलो, नेटवर्कमुळे एकीचा टाळ आत्ता तर दुसरीचा दोन सेकंदांनी, नुसता गोंधळ, शेवटी सगळ्यांनी म्यूट करून आपापलं म्हटलं आणि पडद्यावर एकमेकींचे हलणारे ओठ बघत बसलो. पुढच्या वर्षीही तेच. त्या काळात मंडळातल्या दोघींना डॉक्टरकडून गोळ्या सुरू झाल्या. भक्ती कमी पडली असं कुणी म्हणालं तर मी भांडेन.

कारण भक्तीची दुसरी बाजूही आहे. "मागच्या जन्मीचं काहीतरी असेल", "नामस्मरणात कमी पडलात", हे ऐकून माणूस अजून खचतो. केनेथ पार्गामेंट या मानसशास्त्रज्ञाने आयुष्यभर याच विषयावर काम केलं. २००१ मध्ये त्यांचा एक अभ्यास आला, ५९६ वयस्कर आजारी माणसांचा. देवाने आपल्याला टाकलं, शिक्षा दिली असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यात पुढच्या दोन वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त निघालं. तेव्हा आईला दिंडीत पाठवायच्या आधी ती दिंडी, तिथले महाराज काय बोलतात ते जरा कान देऊन ऐका.

आणि आधार देणारी माणसं दारही लावून घेऊ शकतात. दलित संत चोखोबांची समाधी पंढरपूरच्या देवळाच्या महाद्वाराबाहेर आहे. विठ्ठलाचं देऊळ दलितांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषणाला बसावं लागलं. समाजशास्त्रज्ञ इरावतीबाई कर्वे वारीला गेल्या तर त्यांच्या दिंडीत ब्राह्मण आणि मराठा वेगवेगळे जेवत होते, हे त्यांना खुपलं आणि त्यांनी ते लिहून ठेवलं. आजही तुमच्या आईला कुठल्या पंगतीत घरच्यासारखं वाटेल हे जातीवर अजिबात ठरत नाही असं मी छातीठोकपणे सांगणार नाही.

तर आता आईचं. नवरा गेल्याचं दुःख हा आजार नाही, रडू द्या, वर्षभर लागू दे. पण ती जेवत नसेल, झोपत नसेल, "जगून काय करू" म्हणत असेल तर आधी डॉक्टर, वारी नंतर. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर १४४१६, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. गोळ्या चालू असतील तर वारीत बंद करायच्या नाहीत, "माऊली बघून घेतील" म्हणून तर अजिबात नाही. चिठ्ठीची झेरॉक्स आणि महिन्याच्या गोळ्या पिशवीत, आणि दिंडीतल्या एकीला तरी सांगून ठेवायचं.

आणि एकदम वारी नको. आधी घराजवळचं भजनी मंडळ बघा, एकादशीला तिला सोडून या, स्वतः बाहेर गाडीत बसा हवं तर. दोन-तीन महिन्यांनी, ती गेली नाही म्हणून तिकडून एखादीचा फोन आला, तर पुढच्या जेठात दिंडीच्या भिशीचे, म्हणजे वर्गणीचे, पैसे भरायला हरकत नाही. नाहीच आला फोन तर दुसरं मंडळ शोधा, पेठांमध्ये काही कमी नाहीत. आणि हो, हे सगळं ठरवायच्या आधी तिला विचारलंत का? आमच्या ओळखीच्या एका मुलाने आईचं नाव परस्पर दिंडीत घातलं आणि त्या माऊलींना जायचं होतं पत्ते खेळायला, सोसायटीतल्या ज्येष्ठ नागरिक संघात. गेल्या, आणि मजेत आहेत.