स्टँडबाय पीजीबाउन्सर आहे, पण त्याच्यातलं कॉन्फिग कधीचं आहे?

पोस्टग्रेस डेटाबेसच्या पुढं पीजीबाउन्सर (डेटाबेसची कनेक्शन सांभाळून वाटून देणारा मधला प्रोग्रॅम) लावून काम चालवणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहितोय, आणि जास्त करून आपल्या सांगली भागातल्या साखर कारखान्यांत सिस्टीम बघणाऱ्यांसाठी. हंगाम सुरू झाला की काटा रात्रीपण थांबत नाही, केन यार्डात ट्रॅक्टर आणि बैलगाड्या नंबर लावून उभ्या असतात, आणि वजनाची स्लिप निघायची थांबली की तोडून आणलेला ऊस तिथंच वाळत पडतो, ती घट शेवटी शेतकऱ्याच्या बिलात येते. म्हणून आता बऱ्याच ठिकाणी दोन पीजीबाउन्सर आणि पुढं कीपअलाइव्हडी या प्रोग्रॅमचा एक व्हर्च्युअल आयपी (जे मशीन चालू त्याच्याकडं राहणारा सामाईक पत्ता) असतो, एक मशीन गेलं की आयपी दुसऱ्यावर, म्हणजे स्टँडबायवर, जातो. पण दुसऱ्यावरचं कॉन्फिग पहिल्यासारखंच आहे का असं विचारलं की उत्तर येतं, "इन्स्टॉल केलं तेव्हा कॉपी केलंय की."

एका कारखान्यात नेमकं हेच झालं. काट्याच्या युजरचा पासवर्ड बदलला, चालू मशीनच्या युजरलिस्टमध्ये (पीजीबाउन्सरच्या युजर-पासवर्डच्या फाईलमध्ये) टाकला, दुसऱ्यावर टाकायचा राहिला. रात्री पहिल्या मशीनचा पॉवर सप्लाय उडाला, आयपी व्यवस्थित दुसरीकडं गेला, मॉनिटरवर सगळं हिरवं, आणि काट्यावर मात्र पासवर्ड चुकीचा म्हणून लॉगिनच होईना. फेलओव्हर, म्हणजे काम दुसऱ्या मशीनवर जाणं, झालं होतं, पण काम बंद होतं.

यावर पटकन सुचणारा उपाय म्हणजे कॉन्फिगचा फोल्डर एनएफएसवर (नेटवर्कवरच्या सामाईक डिस्कवर) ठेवून दोन्हीकडून तोच वाचायचा. हे करू नका. दोन सर्व्हर केले कशासाठी तर एकावर अवलंबून राहायला नको म्हणून, आणि आता दोघंही त्या एका एनएफएसवर अवलंबून. दोन्ही बाजूंनी एकमेकांवर आरसिंक (फाईली कॉपी करणारं टूल) लावणं तर त्याहून वाईट, रात्री कोणीतरी स्टँडबायवर काहीतरी टेस्ट करून ठेवतो आणि ते नवीन म्हणून चालू मशीनवर जाऊन बसतं. एकच मूळ जागा पाहिजे, गिटची एक रेपो (फाईलींच्या बदलांची नोंद ठेवणारी जागा), तिथून अ‍ॅन्सिबल या टूलनं दोन्हीकडं ढकलायचं, फाईल प्रत्येक मशीनच्या स्वतःच्या डिस्कवर. आधी स्टँडबायवर टाका, लॉगिन करून बघा, मग चालू मशीनवर.

सगळंच सारखं ठेवायचं नसतं हे पण ध्यानात घ्या. डेटाबेसची यादी, पूल साइज (डेटाबेसकडं जास्तीत जास्त किती कनेक्शन उघडायची), टाइमआउट हे सारखं. कीपअलाइव्हडीची प्रायॉरिटी (आयपी आधी कुणाकडं हे ठरवणारा आकडा) वेगळी, पण व्हर्च्युअल राउटर आयडी (या जोडीची ओळख) दोन्हीकडं एकच. दोन्ही पीजीबाउन्सरना पीअर, म्हणजे एकमेकांना ओळखणारे जोडीदार, म्हणून जोडलं असेल, म्हणजे १.१९ पासूनची सोय, तर प्रत्येकाचा पीअर आयडी वेगळा. पीजीबाउन्सरच्या आयएनआय फाईलमध्ये इन्क्लूड चालतं, म्हणून सामाईक गोष्टी एका फाईलमध्ये आणि मशीनपुरत्या दुसऱ्या फाईलमध्ये ठेवल्या की कॉपी करताना घोळ होत नाही.

पासवर्डचं तर मी म्हणेन फाईलमधून काढूनच टाका. ऑथ क्वेरी वापरली की पीजीबाउन्सर पासवर्डचा हॅश (सांकेतिक रूप) थेट पोस्टग्रेसमधून विचारून घेतो, युजरलिस्टमध्ये फक्त ती क्वेरी चालवणारा एक युजर राहतो, आणि डेटाबेसमध्ये पासवर्ड बदलला की दोन्ही पीजीबाउन्सरना आपोआप कळतं. वरच्या कारखान्यात हे असतं तर ती रात्र सुरळीत गेली असती.

फाईली सारख्या आहेत म्हणून निवांत पण बसू नका. फाईल पोचली आणि रीलोड (कॉन्फिग परत वाचायचा हुकूम) दिलाच नाही तर आतला प्रोसेस जुनंच कॉन्फिग घेऊन चालत राहतो, आणि काही सेटिंग, जसं की ऐकायचा पोर्ट, रीलोडनं बदलतच नाहीत, रीस्टार्टच लागतो. पीजीबाउन्सरच्या अ‍ॅडमिन कन्सोलमध्ये शो कॉन्फिग मारलं की चेंजेबल नावाचा कॉलम येतो, त्यात कुठलं चालू असताना बदलतं ते दिसतं. तुलना करायची ती दोन्ही मशीनच्या शो कॉन्फिग आणि शो डेटाबेसेसच्या आउटपुटची, रोज, क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप), आणि पीअर आयडीसारख्या मुद्दाम वेगळ्या ठेवलेल्या ओळी सोडून काही फरक दिसला तर मेल.

आता ज्या दोन गोष्टी पीजीबाउन्सरच्या बाहेर असतात आणि म्हणून हमखास राहून जातात त्या सांगतो. एक म्हणजे डेटाबेसवरची पीजी एचबीए फाईल, कुठल्या आयपीवरून कुणाला आत घ्यायचं ते ठरवणारी. लोक तिथं व्हर्च्युअल आयपी टाकतात, पण तो आयपी काट्याच्या पीसीनं पीजीबाउन्सरला गाठायला आहे, पीजीबाउन्सर पोस्टग्रेसकडं जातो तो साधारण मशीनच्या स्वतःच्या आयपीवरून, म्हणून दोन्ही मशीनचे स्वतःचे आयपी तिथं पाहिजेत. दुसरं म्हणजे कनेक्शनचा हिशोब. पूल साइज डीफॉल्ट २०, तो प्रत्येक युजर-डेटाबेस जोडीला वेगळा, म्हणजे ४ जोड्या असल्या की एका पीजीबाउन्सरचे ८० पर्यंत, आणि पोस्टग्रेसचं मॅक्स कनेक्शन्स डीफॉल्ट १००. पहिलं मशीन अचानक मेलं तर त्याची जुनी कनेक्शन पोस्टग्रेसमध्ये काही वेळ तशीच लटकून राहतात, तेवढ्यात दुसऱ्यानं ८० मागितली की जागाच नाही. दोघांची बेरीज धरून मॅक्स कनेक्शन्स ठेवा.

तपासणी पण खरी पाहिजे. प्रोसेस चालू आहे का एवढंच बघणाऱ्या स्क्रिप्टला पासवर्डचा घोळ कधीच कळणार नाही. काट्याचाच युजर वापरून ६४३२ पोर्टवरून एक छोटी क्वेरी मारा, आणि स्टँडबायवर पण त्याच्या स्वतःच्या आयपीवर हेच दर मिनिटाला. दोन मशीनच्या मधल्या फायरवॉलमधून व्हीआरआरपी (कीपअलाइव्हडी दुसऱ्या मशीनला 'मी चालू आहे' असं ज्यातून कळवतं तो), म्हणजे प्रोटोकॉल नंबर ११२, जातोय ना तेही बघा, तो अडला की दोन्ही मशीन स्वतःला मास्टर समजून एकच आयपी धरून बसतात.

आणि दोन्ही मशीन एकाच रॅकमध्ये, तेही तळमजल्यावर, असं तर आपल्याकडं चालणारच नाही. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, धोका पातळी ४५. एक ऑफिसच्या वरच्या मजल्यावर ठेवा, दुसरं को-जनच्या (वीजनिर्मितीच्या) बिल्डिंगमध्ये, मधे फायबर टाकून एकच व्हीलॅन (दोघांचं एकच नेटवर्क), आणि दोन्हीकडं वेगळा यूपीएस. मग हंगामाच्या आधी, बॉयलर पेटायच्या आत, कोणीतरी जाऊन चालू मशीनची वायर खरोखर काढा, एक जण काट्यावर उभा राहून स्लिप निघते का ते बघू दे. व्हीआरआरपीचा 'मी चालू आहे' हा संदेश पाठवायचा वेळ डीफॉल्ट १ सेकंद असला तर साधारण ३ ते ४ सेकंदांत आयपी दुसरीकडं जातो, त्याच्यापेक्षा बराच वेळ लागला तर काट्याच्या सॉफ्टवेअरमध्ये तुटलेलं कनेक्शन परत जोडायची सोय आहे का ते आधी तपासा.